गेटपासवर त्याची सही, मग तक्रार कुठे करू?

पत्र थोडक्यात असं : वाचक ३१ वर्षांच्या आहेत. पुणे जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्या चार वर्षं क्वालिटी तपासणीचं काम करतात, पण कंत्राटदारामार्फत. त्यांचा गेटपास दर महिन्याला नवा होतो आणि त्यावर सही लागते विभागाच्या मॅनेजरची. तो कंपनीच्या पेरोलवर आहे. दिवाळीनंतर या मॅनेजरचे रात्री मेसेज यायला लागले. आधी कपड्यांचं, दिसण्याचं कौतुक. मग 'बाहेर एकटी भेट'. मग 'पास चालू राहायला हवा असेल तर आमचीही आठवण ठेवावी लागेल'. सुरुवातीला त्यांनी हात जोडल्याची, हसऱ्या चेहऱ्याची चिन्हं पाठवून वेळ मारून नेली, नंतर उत्तर देणं थांबवलं आणि शेवटी नंबर ब्लॉक केला. शेवटचा मेसेज सव्वादोन महिन्यांपूर्वीचा. त्यानंतर त्यांना लाइनवरून काढून रीवर्कच्या, म्हणजे सदोष भाग दुरुस्त करण्याच्या, कामावर बसवलं आणि पास दहा-दहा दिवसांचा मिळायला लागला. एचआरने तोंडी सांगितलं, 'तुम्ही आमच्या पेरोलवर नाही, कंत्राटदाराला सांगा.' कंत्राटदार म्हणतो, 'साहेब माफी मागतील, थोडे पैसेही देतील, मिटवून टाका.' नवरा म्हणतो नोकरी सोड. जाऊबाई म्हणतात, 'हात तर लावला नाही ना?' वाचकांचे प्रश्न तीन : याला छळ म्हणता येतो का, तक्रार नेमकी कुणाकडे करायची, आणि सिद्ध झालं नाही तर उलट मलाच शिक्षा होईल का?

नमस्कार,

तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी, तुम्ही न विचारलेल्या चौथ्या गोष्टीबद्दल बोलावं लागेल, कारण ती सगळ्यांत तातडीची आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तक्रारीसाठी मुदत आहे : घटनेपासून तीन महिने, आणि घटना एकापेक्षा जास्त असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. वेळेत तक्रार का करता आली नाही याचं कारण पटलं, तर तक्रार ऐकणारी समिती ते कारण लेखी नोंदवून आणखी जास्तीत जास्त तीन महिने देऊ शकते. त्यापुढे नाही. शेवटचा मेसेज सव्वादोन महिन्यांपूर्वीचा म्हणजे तुमच्या हातात साधारण तीन आठवडे आहेत.

तुम्हाला वाटेल, रीवर्कला बसवणं आणि दहा दिवसांचा पास हा त्रास तर अजून चालू आहे, मग मुदत पुढे सरकत नाही का? यावर विसंबू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठाच्या प्रकरणात यावरच निकाल दिला. लैंगिक छळाची शेवटची घटना एप्रिल २०२३ मधली होती आणि तक्रार डिसेंबर २०२३ मध्ये झाली. मधल्या काळात आपल्यावर झालेली प्रशासकीय कारवाई हा त्याच छळाचा पुढचा भाग आहे, असं तक्रारदार प्राध्यापिकेचं म्हणणं होतं. ते न्यायालयाने मानलं नाही आणि तक्रार मुदतबाह्य ठरली. म्हणून तुमचे दिवस शेवटच्या मेसेजच्या तारखेपासूनच मोजा. नंतरचा सूड तक्रारीत जरूर लिहा, पण मुदत त्याच्या भरवशावर सोडू नका. पुढच्या महिन्याचा पास मिळतो का ते बघू आणि मग ठरवू, असं मनात असेल तर कृपा करून तसं करू नका.

घरच्यांशी चर्चा करून तुम्हाला 'तक्रार करायची की नाही' हे ठरवायचं आहे, असं पत्रावरून दिसतं. हा निर्णय तुमचाच आहे आणि त्यात कुणी घाई करू नये. पण तक्रार लिहून काढणं आणि ती देणं ही दोन वेगळी कामं आहेत. लिहायला आज रात्री बसता येईल. द्यायची की नाही, हे त्यानंतर दोन आठवड्यांनी ठरवलं तरी चालेल. बहुतेक जणी उलटं करतात. आधी निर्णयाची वाट बघतात, मग शेवटच्या दोन दिवसांत घाईघाईने अर्ज लिहितात आणि त्यात तारखा चुकतात. पुढे चौकशीत त्या चुकलेल्या तारखांवरच सगळा वाद होतो.

आता जाऊबाईंचं म्हणणं. ते अगदी घराघरात ऐकू येतं, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. स्पर्श झाला तरच छळ, असं कायद्यात कुठेही नाही. त्यात लैंगिक छळाचे पाच प्रकार दिले आहेत : शारीरिक स्पर्श किंवा लगट, शरीरसंबंधांची मागणी किंवा विनंती, लैंगिक अर्थाची शेरेबाजी, अश्लील चित्रं वा चित्रफिती दाखवणं, आणि लैंगिक स्वरूपाचं दुसरं कोणतंही नकोसं वागणं, मग ते शब्दांतून असो वा खाणाखुणांतून. प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच एका निर्यात परिषदेतल्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात सांगितलं आहे. याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात आणखी पाच परिस्थिती सांगितल्या आहेत. त्यात नोकरीत फायदा देण्याचं सूचक आमिष, नुकसान करण्याची धमकी आणि नोकरी टिकण्याबद्दलची धमकी हे सगळं येतं. 'पास चालू राहायला हवा असेल तर' हे वाक्य त्यात सरळ बसतं. त्याने धमकी उघड शब्दांत दिली नाही, हा बचाव टिकत नाही, कारण कायद्यात उघड आणि सूचित असे दोन्ही शब्द आहेत. तुमच्याकडे असलेल्या मेसेजमधला हा एक मेसेज बाकी सगळ्यांपेक्षा वजनदार आहे.

तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतंय ते बहुधा हसऱ्या चेहऱ्यांचं. पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय की 'मीही उत्तर दिलं होतं.' महिन्याच्या महिन्याला ज्याच्या सहीवर आपलं काम अवलंबून आहे, त्याला रात्री दहा वाजता रोखठोक 'मला मेसेज करू नका' असं लिहिणं किती जणांना जमेल? चौकशीत प्रश्न असतो तो वागणं नकोसं होतं का, हा. आधी सौम्य उत्तरं, मग उत्तरं बंद, मग ब्लॉक हा क्रमच नकार दाखवतो. म्हणून ती चिन्हं असलेले मेसेज डिलीट करू नका. लपवलेला मेसेज समोरच्याने स्वतःच्या फोनमधून दाखवला तर तुमच्या बाकीच्या खऱ्या पुराव्यावरही शंका येते. उलट अर्जात स्वतःहून लिहा : 'सुरुवातीला मी नम्रपणे उत्तरं दिली, कारण माझ्या गेटपासवर त्यांची सही लागते.' एवढं वाक्य पुरेसं आहे.

आता दुसरा प्रश्न, तक्रार कुणाकडे. एचआरने तुम्हाला जे सांगितलं ते चूक आहे. या कायद्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत कायम, तात्पुरते, रोजंदारीवरचे, प्रशिक्षणार्थी, ॲप्रेंटिस हे सगळे तर आहेतच, शिवाय थेट किंवा कंत्राटदारामार्फत घेतलेलेही आहेत. मूळ मालकाला त्याची माहिती असो वा नसो, पगार मिळत असो वा नसो. हा मुद्दा कायद्यात आपोआप आला नाही. या कायद्याची सुरुवात सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या विशाखा निकालाने झाली (१३ ऑगस्ट १९९७), त्यामागे राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी होत्या. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात त्या 'साथिन' म्हणून मानधनावर काम करत होत्या, बालविवाह रोखण्याचं काम केलं म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्याही कुणाच्या पेरोलवर नव्हत्या.

तेव्हा तुमची तक्रार कारखान्याच्या अंतर्गत समितीकडे जाईल. एचआरकडे नाही, कंत्राटदाराकडेही नाही. दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी ही समिती असायलाच हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, कर्मचाऱ्यांमधले किमान दोन सदस्य, एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. समिती नेमल्याचा आदेश सगळ्यांना दिसेल अशा जागी लावणं मालकावर बंधनकारक आहे. टाइम ऑफिस, कँटीन, महिलांची चेंजिंग रूम इथले फलक बघा. कारखान्यात फोन आत नेऊ देत नसतील, तर नावं कागदावर उतरवून घ्या, तारखेसह. फलक कुठेच नसेल तर तीही गोष्ट लिहून ठेवा. समितीच न नेमणाऱ्या मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे आणि पुन्हा तेच घडलं तर दुप्पट शिक्षा, परवाना रद्द होण्यापर्यंत.

समितीच नसेल, किंवा छळ करणारा खुद्द मालकच असेल, तर दार वेगळं : जिल्ह्याची स्थानिक समिती. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांत, क्लिनिकांत, छोट्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या बायकांसाठीही हीच समिती आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तिचा पत्ता मिळतो. गावात राहणाऱ्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी जायलाच हवं असं नाही. तालुका आणि नगरपालिका पातळीवर तक्रार घेणारा नोडल अधिकारी असतो आणि त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. तरीही कागदावरची तक्रार आणि तिची पोच हातात ठेवा.

अर्ज कसा लिहायचा, याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. मराठीत लिहा, इंग्रजीची गरज नाही. लिहिणं जड जात असेल तर समितीच्या अध्यक्षांनी किंवा सदस्यांनी लिहायला मदत करावी, असं कायदाच सांगतो. वर 'प्रति, अध्यक्ष, अंतर्गत समिती' आणि कारखान्याचं नाव. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण, कुठल्या कंत्राटदारामार्फत, कधीपासून, कुठल्या विभागात. मग घटना, तारखेच्या क्रमाने, एका घटनेला एक परिच्छेद. साधारण असं : 'अमुक तारखेला रात्री १०.४० वाजता माझ्या मोबाइलवर त्यांचा मेसेज आला. शब्द असे होते... मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला लाइनवर येऊन त्यांनी विचारलं, उत्तर का नाही दिलं? त्या वेळी शेजारच्या टेबलवर अमुक होत्या.' त्याचे शब्द जसेच्या तसे, अवतरण चिन्हांत. 'अत्यंत नीच', 'विकृत' अशी विशेषणं गाळा. तुमचा राग खरा आहे, पण विशेषणावर वाद घालता येतो, तारखेवर आणि शब्दांवर घालता येत नाही. नक्की तारीख आठवत नसेल तर अंदाजाने ठोकून देऊ नका. 'संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, माझी दुसरी शिफ्ट होती तेव्हा' असं लिहा. हजेरीवरून ती तारीख पुढे काढता येते.

साक्षीदार म्हणजे प्रत्यक्ष पाहणाराच, असं नाही. त्या दिवसांत तुम्ही कुणाला सांगितलं होतं? बसमध्ये शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला? नवऱ्याला? ज्यांना त्याच वेळी सांगितलं, त्यांचं म्हणणंही मोलाचं असतं. अशांची नावं आणि पत्ते अर्जासोबत द्यावे लागतात. नाव देण्याआधी त्यांना विचारा. ऐनवेळी 'मला यात ओढू नका' असं म्हणणारा साक्षीदार नसलेला बरा.

मेसेजच्या पुराव्याबद्दल काही बारीक गोष्टी. स्क्रीनशॉट घेताना तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. नंबर नावाने सेव्ह असेल तर नुसतं नाव दिसतं, म्हणून त्या कॉन्टॅक्टची माहिती उघडून नंबर दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट घ्या. मेसेज एकेक कापून, लाल वर्तुळं काढून देऊ नका, वरचे-खालचे मेसेज दिसू द्या. व्हॉट्सॲपमधला 'एक्स्पोर्ट चॅट' वापरून पूर्ण संवाद स्वतःच्या ईमेलवर पाठवा. 'डिसअपिअरिंग मेसेजेस' चालू असेल तर तुमचे मेसेज आपोआप जात असतील, ते आजच तपासा. त्याने स्वतः पुसून टाकलेल्या मेसेजच्या जागी 'हा मेसेज डिलीट केला' अशी ओळ राहते, तिचाही फोटो ठेवा. आणि फोन विकू, बदलू किंवा रिसेट करू नका. प्रकरण कधी न्यायालयात गेलं तर मूळ फोन लागेल.

हे झालं छळाच्या पुराव्याचं. पण कंत्राटी कामगाराला दुसराही पुरावा लागतो, आपण तिथे काम करत होतो याचा. इथे बऱ्याच जणी कमी पडतात. काढून टाकलं की पहिल्यांदा गेटपास जमा करून घेतात, आणि मग 'या बाई आमच्याकडे नव्हत्याच' असं म्हणायला जागा राहते. पासच्या दोन्ही बाजूंचे फोटो, पगाराच्या स्लिपा, पगार जमा झाल्याच्या बँकेच्या नोंदी, पीएफच्या पासबुकात कंत्राटदाराचं नाव असलेलं पान, ईएसआयचं कार्ड, सगळं घरी एका ठिकाणी ठेवा. महिन्याच्या पासवरून दहा दिवसांच्या पासवर कधी आणलं, हे जुन्या आणि नव्या पासांवरून आपोआप दिसतं. म्हणून जुने पास टाकून देऊ नका.

अर्जाच्या सहा प्रती, प्रत्येकीला स्क्रीनशॉट आणि साक्षीदारांची यादी जोडलेली. सातवी तुमची. अध्यक्षांकडे किंवा सदस्याकडे देऊन सातव्या प्रतीवर तारीख आणि सही घ्या. सही द्यायला टाळाटाळ झाली तर भांडत बसू नका, त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. पोस्टाची पावती हीच तुमची पोच, आणि मुदत पाळल्याचा पुरावाही.

अर्जातच एक वेगळा परिच्छेद अंतरिम मदतीसाठी लिहा. लेखी मागितल्याशिवाय ही मदत मिळत नाही, आणि बहुतेक अर्जांत हा परिच्छेद नसतोच. चौकशी चालू असताना तुमची किंवा त्याची बदली, तुम्हाला नेहमीच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि तुमच्या कामाचा अहवाल लिहिण्याचं काम त्याच्याकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देणं, अशा शिफारशी समिती करू शकते. तुमच्या बाबतीत कळीचा मुद्दा सहीचा आहे. तेव्हा स्पष्ट लिहा : 'माझा गेटपास, शिफ्ट आणि कामाची जागा याबाबतचे निर्णय चौकशी संपेपर्यंत दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावेत, पास पूर्वीप्रमाणे महिन्याचा असावा.' बदलीच्या नावाखाली बाईलाच लांबच्या गोदामात पाठवलं जातं, हे वारंवार होतं. ते नको असेल तर 'माझी बदली नको' हेही लिहा.

आता कंत्राटदाराचा निरोप. माफी आणि पैसे. यात दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत, त्या सोडवून बघा. समेट कायद्यात आहे. पण तो चौकशी सुरू होण्याआधी, समितीमार्फत आणि फक्त तक्रारदार महिलेने मागितला तरच होतो. समिती, कंत्राटदार किंवा साहेब तो सुचवून तुमच्यावर लादू शकत नाहीत. आणि पैसे हा समेटाचा आधार असूच शकत नाही. समितीबाहेर, कँटीनमागे किंवा कंत्राटदाराच्या ऑफिसात झालेल्या 'मिटवण्याला' कायद्यात काहीही किंमत नाही. तिथे पैसे घेतलेत तर उद्या तेच तुमच्यावर उलटेल : 'पैशासाठीच तक्रार केली होती.' तेव्हा पैशाला आजच नाही म्हणा, शक्यतो मेसेजवर लिहून, म्हणजे पैसे देऊ केले होते याचीही नोंद राहील.

माफीचं मात्र वेगळं आहे. तुम्हाला शिक्षा नको, फक्त हे थांबायला हवं असेल, तर समितीपुढचा समेट हा वाईट मार्ग नाही, आणि तो निवडला म्हणून तुम्ही माघार घेतली असं होत नाही. पण एक जाणून घ्या : समेट झाला की त्या तक्रारीची पुढे चौकशी होत नाही. म्हणून अटी बारकाईने लिहून घ्या. लेखी माफी, कामाव्यतिरिक्त कुठलाही संपर्क नाही, पासवर दुसऱ्याची सही, तुम्हाला मूळ कामावर परत घेणं. प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. त्याने यातली एखादी अट मोडली तर तुम्ही समितीला कळवायचं, आणि समितीला चौकशी सुरू करावी लागते. नुसत्या तोंडी 'सॉरी'वर समेट केला तर मोडायला अटच उरत नाही.

समेट नको असेल तर चौकशीचा रस्ता असा. तुमच्या अर्जाची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत त्याला जाते, त्याला उत्तरासाठी दहा कामकाजाचे दिवस मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, मालकाची कारवाई अहवालापासून साठ दिवसांत. सगळं वेळेवर झालं तरी पाच महिन्यांहून जास्त काळ धरून चला. सुनावणीत वकील आणता येत नाही, त्यालाही नाही आणि तुम्हालाही. किमान तीन सदस्य हजर हवेत आणि त्यात अध्यक्ष हव्यातच. त्याच्या समोरासमोर बसणं जमणार नसेल तर 'त्याचे प्रश्न लेखी घेऊन समितीने मला विचारावेत' अशी विनंती करा. समितीतल्या एखाद्या सदस्याचे त्याच्याशी जवळचे संबंध असतील तर पहिल्याच सुनावणीआधी लेखी हरकत घ्या, निकाल विरोधात गेल्यावर घेतलेली हरकत कुणी फारशी मनावर घेत नाही.

त्याला बाजू मांडायला वेळ दिला, पुन्हा तारीख दिली, की तुम्हाला राग येईल. येणारच. पण गोवा विद्यापीठाचं प्रकरण ध्यानात ठेवा. तिथे २००९ मध्ये एका विभागप्रमुखाविरुद्धची चौकशी समितीने घाईने उरकली, त्याला बचावाची पुरेशी संधी दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये त्याच्यावरची कारवाई रद्द केली आणि चौकशी २००९ मध्ये जिथे बिघडली होती तिथून पुन्हा घ्यायला सांगितली. चौदा वर्षांनी! तक्रार करणाऱ्या मुलींचं यात काय झालं असेल, याचा विचार करवत नाही. चौकशी नियमाने होणं ही तुमचीही गरज आहे.

तिसरा प्रश्न, शिक्षेच्या भीतीचा. ही भीती मुद्दाम पसरवली जाते, म्हणून नीट समजून घ्या. खोटी तक्रार केल्याबद्दल कारवाईची तरतूद आहे, हे खरं. पण तक्रार सिद्ध करता न येणं किंवा पुरेसा पुरावा नसणं एवढ्यावर ती कारवाई होत नाही, असं त्याच कलमात लिहिलं आहे. दुष्ट हेतू होता, हे वेगळी चौकशी करून ठरवावं लागतं. शिवाय इथे फौजदारी खटल्यासारखा 'संशयातीत' पुरावा लागत नाही, घडलं असण्याची शक्यता जास्त वाटते का, हे बघितलं जातं. तुमच्याकडे मेसेज आहेत, पासांची नोंद आहे, कामावरून हलवल्याचा काळ मेसेज बंद झाल्याच्या काळाशी जुळतो. भिण्यासारखं यात काही नाही. निकाल पटला नाही तर नव्वद दिवसांत अपील करता येतं.

दोष सिद्ध झाला तर लेखी माफीपासून पगारवाढ रोखणं, नोकरीवरून काढणं इथपर्यंत शिफारस होऊ शकते. त्याच्या पगारातून तुम्हाला भरपाईही मिळू शकते. ती ठरवताना मानसिक त्रास, हुकलेली कामाची संधी, औषधोपचाराचा खर्च आणि त्याचं उत्पन्न बघतात. झोप लागत नाही म्हणून डॉक्टरकडे गेला असाल तर चिठ्ठ्या जपा.

तुमच्या नवऱ्याच्या म्हणण्यामागे काळजी आहे, हे पत्रावरून कळतं. त्यांना एवढंच सांगा की राजीनामा दिल्यावरही मुदतीत तक्रार करता येते, पण बाहेर पडल्यावर साक्षीदार दूर जातात आणि अंतरिम मदतीचा उपयोग राहत नाही. सोडायचंच ठरलं तर आधी अर्ज द्या, पोच घ्या, मग सोडा. राजीनाम्यात 'वैयक्तिक कारण' लिहू नका.

पोलिसांत जायचं का? दोन्ही मार्ग एकत्र चालू शकतात, एकाने दुसरा बंद होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये शरीरसंबंधांच्या मागणीला तीन वर्षांपर्यंत आणि लैंगिक शेरेबाजीला एक वर्षापर्यंत कैद आहे. नकार कळूनही पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं हा कलम ७८ खाली वेगळा गुन्हा आहे. इथेही मुदत आहे : एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याला एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेला तीन वर्षं. त्यामुळे तुमच्या प्रकरणात समिती आधी आणि पोलीस नंतर असा क्रम ठेवता येतो. पाठलाग, घराजवळ येणं, धमकी यांतलं काही झालं तर मात्र थांबू नका, ११२ वर फोन करा. तुम्हाला गुन्हा नोंदवायचा असेल तर त्यात मदत करणं हे कंपनीचं कायदेशीर कर्तव्य आहे.

तक्रारीनंतर कंत्राटदाराने काढून टाकलं तर? ही शक्यता आहे, खोटा धीर देणार नाही. नोकरीची धमकी आणि नुकसानकारक वागणूक याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात येतात, म्हणून त्याच दिवशी समितीला पुरवणी अर्ज द्या, 'तक्रारीनंतर इतक्या दिवसांत पास नाकारला' असं तारखेसह. कामगार आयुक्तांच्या कार्यालयातही तीच प्रत द्या. तोंडी 'उद्यापासून येऊ नका' म्हटलं तर घरी बसू नका. दुसऱ्या दिवशी गेटवर जा, आत सोडलं नाही की तिथूनच कंत्राटदाराला मेसेज करा : 'मी कामावर हजर आहे, मला आत सोडलं नाही.' नाहीतर कागदोपत्री तुम्ही स्वतःहून काम सोडलं असं दाखवलं जाईल.

तक्रारीतला मजकूर सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, समाजमाध्यमांवर किंवा पत्रकारांना देऊ नका. गुप्ततेचा नियम दोघांनाही लागू आहे. घरात, वकिलाशी, डॉक्टरशी बोलण्याला त्याची आडकाठी नाही.

अशाच अडचणीत असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. घरकाम करणाऱ्या महिलांची तक्रार स्थानिक समितीकडे जाते, आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. कंपनीच्या बसमध्ये, कामासाठी गेलेल्या दुसऱ्या गावी, ट्रेनिंगच्या हॉटेलात घडलेलंही 'कामाचं ठिकाण' धरलं जातं. अनुसूचित जाती-जमातीच्या महिलेशी असं वागणारा माणूस त्या जातींबाहेरचा असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होऊ शकतो, आणि ते पोलिसांना जबाबातच सांगायला हवं. पुरुष कामगाराला मात्र २०१३ च्या या कायद्याखाली तक्रार करता येत नाही, त्याला कंपनीच्या आचारसंहितेखाली जावं लागतं.

अर्ज लिहून झाला की द्यायच्या आधी एकदा जाणत्या माणसाच्या नजरेखालून घाला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही महिलेला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. ते कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं, फोन १५१००. जाताना तारखांची यादी, स्क्रीनशॉटच्या छापील प्रती, जुने पास आणि आधार कार्ड बरोबर न्या, आणि गेल्या गेल्या पहिल्यांदा शेवटच्या मेसेजची तारीख सांगा.